बचावफळीतला दिगू

फाल्गुनातल्या उतरत्या उन्हात, पिकल्या काजूबोंडांचा आंबूस दरवळ मैदानावर पसरलेला असताना, दिगूच्या पापण्यांवर खाणीची तांबडी धूळ कुंकवासारखी बसलेली असे. आणि त्या रक्तिम चौकटीतून पाहणारे त्याचे डोळे मात्र विलक्षण निश्चल असत.

गोव्यातल्या पाळी गावाजवळच्या एका शाळेत मी खेळ शिकवत होतो. खनिजाच्या ट्रकांच्या काचा दगडांनी फोडताना सापडलेल्या चौदा वर्षांच्या दिगूला त्याच्या आईने माझ्यापुढे आणून उभे केले. ट्रकचालक नवऱ्यामागून सिंधुदुर्गातून आलेली ती बाई. "ह्यो खेळाक लागलो तर सुधारतलो, सर," एवढेच म्हणाली. मीही तसेच मानत होतो.

तो फुटबॉल खेळू लागला आणि दगड थांबले. तो बचावफळीत उभा राहिला की समोरचा खेळाडू चेंडू विसरून स्वतःची नडगी सांभाळी. "चेंडू गेला तरी चालेल, माणूस सोडायचा नाही!" मी बाहेरून ओरडत असे. एकदा सरावात त्याने एका लहान मुलाला पाडले. तो मुलगा हात धरून विव्हळत असता दिगू, भरून आलेल्या आभाळासारखा निःशब्द, त्याच्यावर वाकून पाहत राहिला. मला ते दिसले. तरी संघाच्या यादीत त्याचे नाव मी पहिले लिहिले.

पेडण्यातला सामना आम्ही एका गोलने हरलो. त्यांचा गोलरक्षक हसून काहीतरी बोलला. बसस्टँडवर दिगू त्याच्यामागे चालू लागला, आणि दिगूमागे आमची अख्खी बचावफळी, मी शिकवलेल्या रांगेत, मी शिकवलेल्या अंतराने. मी धावत पोचलो तेव्हा तो मुलगा जमिनीवर होता आणि दिगूचा बूट थांबला नव्हता. मी त्याला मागे ओढले. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

"माणूस सोडूचो नाय, असा तुमीच सांगलल्यात मां, सर?"

त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता, शिष्याची निष्ठा होती.

गोलरक्षकाचा डावा डोळा गेला. दिगूची रवानगी सुधारगृहात झाली. पोलिसांना मी सारे सांगितले, माझे ते वाक्य वगळून.

परवा डिचोलीच्या बाजारात त्याची आई भेटली. तिने दोष दिला नाही.

"थंय सुधारगृहात ग्राउंड आसा काय, सर?"

"आहे," मी म्हणालो. मी तिथे कधी गेलोच नव्हतो.

काळ दिगूला वाढवून एक दिवस परत पाठवील. पण सरावात त्या लहान मुलावर वाकलेला, ज्याला अजून थांबवता आले असते, तो दिगू आता कुठेच नाही, आणि त्याची एकुलती आठवण माझ्याजवळ आहे.