मुकादमाची गाठ

साहेब, तुम्ही जीपमधून खाली उतरला नाहीत. आधी हे कबूल करा, मग बाकीचं बोलू. काच अर्धी खाली केलीत, रुमाल नाकाला लावलात, लांबूनच एका कुत्र्याच्या मांडीकडे बघितलंत आणि शेजारच्या माणसाला म्हणालात, "लागणीचा रोग दिसतोय. सोमवारी गाडी पाठवा, उचला याला." भाजीवालीही वांगं हातात घेऊन फिरवून बघते हो. तुम्ही एका जिवाचा निकाल इंजिन चालू ठेवून लावलात.

आणि आला होतात कशाला? गटार बघायला.

ज्याचा निकाल लावलात त्याचं नाव मुकादम. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी तीन चाळी एका नळावर जगतात, तिथला हा तांबूस, एक कान मोडलेला कुत्रा. नाव चाळीतल्या सुगंधाने ठेवलेलं. स्वतः काडीचं काम न करता दुसऱ्याच्या कामावर डोळा ठेवायचा, हा त्याचा जन्मजात धंदा. नळाला पाणी यायच्या आधी बायका आपापले हंडे रांगेत लावून चहा टाकायला घरात जात, आणि मुकादम रांगेच्या शेवटी बूड टेकून बसे. कोणी दुसऱ्याचा हंडा मागे सारून आपला पुढे घातला, की हा उठायचा. चावायचा नाही. त्या माणसाच्या बाजूला उभा राहून असा भुंकायचा की तिन्ही चाळींची दारं उघडत. चोरी पकडली गेल्यापेक्षा ती लाज मोठी. मुकादम येण्याआधी याच नळावर भांडणात सुगंधाच्या कपाळाला कळशी लागून खोक पडली होती. व्रण अजून आहे. मुकादम आल्यापासून कोणाचं डोकं फुटलं नाही.

तसा तो कोणाचाच नव्हता, पण निजायचा सुगंधाच्या उंबऱ्याशी. तिची मुलगी लग्न होऊन चारकोपला गेली. नवरा सीताराम मिलमध्ये होता, संपात मिल गेली, आता विक्रोळीला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी बघायचा. दिवसभर तिथला कलकलाट ऐकून घरी आला की तोंडातून शब्द काढायचा नाही. तेव्हा सुगंधा बोलायची ती मुकादमाशी. तो निदान शेपटी हलवायचा.

गाठ आली ती उजव्या मांडीवर. वालाच्या दाण्याएवढी, वरचे केस गेलेले, लालसर. सुगंधाने ती दोन बोटांत धरून दाबून बघितली. मग शेजारच्या द्रौपदीने दाबून बघितली. द्रौपदी साताऱ्याकडची, हात जड. मग समोरच्या खोलीतला धोंडू आला, त्यानेही दाबली आणि डॉक्टरच्या थाटात म्हणाला, "पाणी झालाहा आत. चुनो-हळद लाव."

"चुन्यानं कातडं भाजंल त्याचं," द्रौपदी म्हणाली. "कांदा भाजून बांध. आमच्याकडं बैलाला हेच करत्यात."

"तो बैल हा काय?"

"तू कोण मग? बैलाचा डॉक्टर?"

तिथून स्पर्धा सुरू झाली. रात्री चुना-हळद लावली, सकाळी गाठ बसलेली. धोंडू तिन्ही चाळींत मिशीवर हात फिरवत हिंडला. संध्याकाळी बघावं तर गाठ लिंबाएवढी टरारलेली, भोवतीचं कातडं लालबुंद, आणि मुकादम भिंतीला मांडी घासतोय. मग कांदा. सकाळी गाठ परत वालाएवढी, द्रौपदीची मान ताठ. संध्याकाळी पुन्हा लिंबू. सोनूबाई आजींना दिसायचं अर्धंमुर्धं, पण त्यांनी चाचपून गाठ शोधली आणि वर अंगारा लावला. ज्याचं औषध लावून सकाळ व्हायची त्याचा जयजयकार, आणि संध्याकाळी त्याच्याच नावाने शिमगा.

आणि रोज संध्याकाळी, कामावरून येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "काय म्हणतेय गाठ?" आणि खाली वाकून एकदा दाबायचा. बिचारा मुकादम सगळ्यांना दाबू द्यायचा. रांगेची शिस्त त्यालाच ठाऊक. एक झाला की दुसऱ्यासाठी मांडी पुढे.

अशात साहेब, तुमची जीप आली. तुंबलेल्या गटाराच्या अर्जावर अर्ज म्युनिसिपालिटीत गेले होते, म्हणून आली. आणि ती उभी राहिली कुठे, तर बरोबर हंड्यांच्या रांगेच्या मध्ये. मुकादम उठला, जीपच्या बाजूला उभा राहिला आणि त्याचं जे काम होतं ते त्याने केलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

जीप गेल्यावर सुगंधा उंबऱ्यावर बसून राहिली. गाडी म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती जाळीची गाडी कुत्रा घेऊन जाते, परत आणून सोडत नाही.

"साहेब म्हणाला म्हणजे काय देव म्हणाला?" द्रौपदी म्हणाली. "ऊठ. परळला जनावरांचं हॉस्पिटल हाय. राजारामला सांग."

राजाराम गोटी सोड्याच्या बाटल्यांचा टेम्पो चालवायचा. दुसऱ्या दिवशी क्रेटच्या मध्ये सुगंधा, तिच्या मांडीवर मुकादम, आणि प्रत्येक खड्ड्याला शंभर बाटल्यांचा खळखळाट, अशी वरात परळला पोचली. मुकादमाने वाटेत प्रत्येक सिग्नलला पुढे घुसणाऱ्या स्कूटरवाल्यांना झापलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी गाठीकडे बघितलं, हात न लावता.

"मावशी, ही मोठी कधी होते?"

"संध्याकाळी."

"आणि उतरते?"

"रात्रभरात. औषध लावल्यावर."

"संध्याकाळी काय होतं घरी?"

"काय होणार? लोक कामावरनं येतात. बघतात."

"कसं बघतात?"

"असं," म्हणून सुगंधाने दोन बोटं गाठीकडे नेली. डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगटच धरलं.

"किती लोक?"

"तिन्ही चाळी," सुगंधा म्हणाली. सोनूबाई आजी दोनदा दाबतात, हे तिने गाळलं.

बाईंनी बारीक सुई गाठीत घातली, आलेला थेंब काचेवर पसरला, रंग टाकला आणि मायक्रोस्कोपमधून बघितलं. मग सुगंधाला म्हणाल्या, "या, बघा." सुगंधाने एक डोळा मिटून दुसरा लावला. गोल गोल भाकऱ्या मांडलेल्या, आणि त्यांच्यावर जांभळी खसखस उधळलेली, असं तिने बाईंना सांगितलंही.

"ही मास्ट सेलची गाठ," बाई म्हणाल्या. "मुंगी चावली की आपल्या अंगावर गांधी उठते ना? ती ज्या मालाने उठते, तोच माल या खसखशीत भरलेला असतो. गाठ दाबली की पुड्या फुटतात. कातडं सुजतं, लाल होतं, खाजतं. मग आपोआप ओसरतं. तुमच्या चुन्याचा आणि कांद्याचा यात काही संबंध नाही. तुम्ही संध्याकाळी दाबून फुगवत होता, आणि रात्री झोपत होता म्हणून ती उतरत होती."

सुगंधाला हसावं की तोंड लपवावं कळेना.

"उलट्या करतो का? शी काळी होते?"

"काळी होते. आम्ही म्हटलं कोळसा खाल्ला असेल."

"तोच माल रक्तातून पोटात जातो. पोटात फोड येतात, त्यातून रक्त येतं. मावशी, हा कॅन्सर आहे. कुत्र्यांच्या कातडीला होतो त्यातला नेहमीचा."

सिनेमात कॅन्सर झाला की माणूस खोकतो आणि पियानोवर बसून गाणं म्हणतो, एवढंच सुगंधाला माहीत. मुकादम तर टेबलावर जांभई देत होता. स्टूल ओढून ती बसली.

"मरतो काय?"

"सगळे मरत नाहीत. गाठ कुठली, किती खवळलेली, त्यावर असतं. ही एकच आहे, जांघेतल्या गाठी सुजलेल्या नाहीत. कापून काढू. पण एवढं काढावं लागेल." बाईंनी हवेत तळहाताएवढा गोल काढला.

"वालाएवढ्या गाठीला एवढं?"

"आंबा एका जागी नासला तर तुम्ही डाग तेवढाच काढता?"

"नाही. भोवतालचापण काढते. कडू लागतो."

"तसंच. भोवती दोन बोटं चांगलं कातडं, आणि खालचा एक पडदा. डोळ्याला चांगलं दिसतं, पण आत पसरलेलं असतं."

"आणि लागण? माणसांना होते?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "कोण म्हणालं?"

"साहेब."

"कुठला डॉक्टर आहे तो?"

"डॉक्टर नाही. साहेब."

"मुकादमाचा रोग मुकादमापुरता," बाई म्हणाल्या. "लागत असता तर तुमच्या तिन्ही चाळी गाठी घेऊन इथे आल्या असत्या."

हे वाक्य सुगंधाने पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं.

आधी खाजेचं आणि पोटाचं इंजेक्शन, मग ऑपरेशन. मुकादम मांडीवर टाक्यांची लांब ओळ घेऊन त्याच टेम्पोतून परत आला. टाके चाटू द्यायचे नाहीत, म्हणून द्रौपदीने आपली लाल प्लॅस्टिकची बादली बूड कापून त्याच्या गळ्यात अडकवली. आता मुकादम म्हणजे चार पायांवर चालणारी बादली. पहाटे तो नेहमीच्या जागी रांगेच्या टोकाला बसला. सोनूबाई आजी आल्या, चाचपडत बादलीला हात लागला, तिच्यामागे आपला हंडा ठेवला. मुकादम पुढे सरकला, आजींनी हंडा सरकवला. मुकादम मोरीकडे वळला, आजी हंडा घेऊन मोरीकडे. "आज रांग वाकडी का गो लावल्यात?" त्यांनी ओरडून विचारलं, आणि नळावरच्या बायका हसता हसता खाली बसल्या.

सोमवारी गाडी आलीच. मागे जाळी, दोन माणसं, हातात फासा. आणि साहेब, तुम्हीसुद्धा. जीपमध्येच.

सुगंधा जीपपाशी गेली. "साहेब, डॉक्टरांनी तपासलंय. लागण नाही."

"कुठला डॉक्टर? ते मी ठरवणार," तुम्ही म्हणालात. "पब्लिकच्या आरोग्याचा प्रश्न आहे."

"बरं. तुम्ही म्हणता तर आहे लागण. हात लावला की होते?"

"होते म्हणून तर नेतोय."

सुगंधा वळली आणि चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मुकादमाच्या गाठीला कोणी कोणी हात लावलाय? ज्यांनी दाबली त्यांनी या. साहेब घेऊन जातायत आपल्याला!"

पहिली द्रौपदी. लुगडं खोचून जाळीच्या गाडीत चढली आणि आतून म्हणाली, "सरकून बसू गं, जागा कमी हाय." मग सोनूबाई आजी, दोघींनी धरून चढवलेल्या. मग राजाराम. मग पोरंबाळं घेऊन सगळ्या चाळी. सीताराम, जो घरी बोलत नसे, तो कँटीनचा डबा हातात घेऊन निमूट रांगेत उभा राहिला. गाडीच्या मागे रांग लागली. फासेवाले दोघे फासा खाली टाकून तंबाखू मळायला लागले. इतकी माणसं पकडायचा त्यांना हुकूम नव्हता.

रांग दिसली आणि मुकादम उठला. लंगडत, बादली हलवत रांगेच्या टोकाला गेला आणि बसला. तेवढ्यात धोंडू, "मी पयलो दाबलंय!" म्हणत मधे घुसला. मुकादम त्याच्या बाजूला उभा राहिला आणि बादलीतून असा भुंकला की आवाज दुप्पट झाला.

"मेल्या धोंड्या, मागे हो!" सुगंधा ओरडली. "मरूक जातानापण रांग मोडतंस?"

धोंडू मागे गेला.

"उतरा सगळे खाली!" तुम्ही ओरडलात.

"आधी तुम्ही उतरा," गाडीतून द्रौपदी म्हणाली.

काच वर गेली.

जाळीची गाडी त्या दिवशी रिकामीच परत गेली. पुढे टाके निघाले. कापलेल्या तुकड्याच्या कडा तपासणीत स्वच्छ निघाल्या, म्हणजे तिथवर ती खसखस पोचली नव्हती. पण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "परत येणारच नाही असं मी म्हणणार नाही. महिन्यातून एकदा अंग बघत जा. डोळ्यांनी!" तेव्हापासून सुगंधा बघते, आणि द्रौपदी हात पाठीमागे बांधून बघते.

पण त्या सोमवारी काच वर जाताना सुगंधाने तिच्यावर हात ठेवून एक प्रश्न विचारला होता. तुम्ही ऐकलात, साहेब. जीप मागे घेताना तुमचं मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि काळं पाणी काचेपर्यंत उडालं, तेव्हा तर दुसऱ्यांदा ऐकलात. ते पाणी अजून तिथेच आहे. त्यातूनच ओलांडून बायका नळावर जातात. म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारतो आहोत, आणि या वेळी इंजिन बंद करून उत्तर द्या:

बसल्या जागेवरून तुम्हाला कुत्र्याच्या मांडीतला रोग दिसला, मग तुमच्या चाकाखालचं गटार कसं दिसलं नाही?

बोला.