तबकडीवर शून्य नसतं

बाईंनी चष्मा पदराने पुसला, पेनड्राइव्ह संगणकाच्या खाचेत बसवला आणि खुर्ची पुढे ओढली. दुपारचे अडीच वाजले होते, पण हे त्यांना मोबाइलवरून कळलं. भिंतीवरच्या सातही घड्याळांत सात वेगवेगळ्या वेळा होत्या. दर आठवड्याला त्यांना किल्ली देणारा माणूस गेला, त्याला आठ महिने झाले होते.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत. बाई एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवत होत्या, म्हणून त्या बाई. हा संगणकही घड्याळवाल्यांनीच सुटे भाग आणून, डोळ्याला भिंग लावून जोडला होता. रविवारी परदेशातला मुलगा त्याच्यावर तोंड दाखवून बोले. आठवड्यातलं तेवढंच काय ते घरात होणारं बोलणं. आता संगणकाने सांगून टाकलं होतं की जुन्या सिस्टीमवर ते बोलणं यापुढे चालायचं नाही. मुलाने नवी सिस्टीम पेनड्राइव्हवर घालून टपालाने पाठवली होती आणि आज तो फोनवरून सूचना देत होता.

"आई, सुरू झालं ना? आता नुसतं पुढे-पुढे दाबत जा."

"नुसतं पुढे-पुढे? पहिलीला मी असं शिकवलं असतं, तर तू आज कुठे असतास?"

"अजून तुझ्याच वर्गात. पाटीवर अ गिरवत!"

बाईंना हसू आलं. हसू ओसरलं तेव्हा पडद्यावर नवा प्रश्न उभा होता. सिस्टीम कुठे बसवायची? खाली यादी होती.

"इथे दोन डिस्क दाखवतोय रे."

"दोन? बाबांनी दोन बसवल्यात? मग त्यांच्या वहीत बघ. ते लिहिल्याशिवाय राहणार नाहीत."

वही शेजारीच होती. बारीक, ताठ अक्षरात लिहिलेलं: 'नवी सिस्टीम टाकायची झाल्यास डिस्क १ पूर्ण पुसून तिच्यावर टाकणे. डिस्क २ ला अजिबात हात लावू नये.'

डिस्क दोनवर काय होतं ते बाईंना वाचायची गरज नव्हती. दरवर्षी शाळेच्या शेवटच्या दिवशी त्या एकेका मुलाला टेपरेकॉर्डरपुढे उभं करून एक ते वीस म्हणायला लावत. रेकॉर्डर सांभाळायला घड्याळवाले यायचे. बटण दाबलं की प्रत्येक पोराला म्हणायचे, "हं, बोला." सहा वर्षांच्या पोरांनाही अहो-जाहो! एरवी माणूस इतका अबोल, की फोनसुद्धा बाईंच्या हातात देऊन मोकळे व्हायचे. कॅसेटींना ओल लागली तेव्हा त्यांनी सगळं या डिस्कवर उतरवलं. त्यांचा आवाज जगात आता तेवढाच उरला होता. बाईंनी तो आठ महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता. आहे, एवढं पुरत होतं.

"वहीत म्हटलंय, डिस्क एक पुसायची."

"मग पूस. एकवर जा, डिलीट दाब."

बाईंनी एकवर बाण नेला आणि दाबलं. पडद्याने विचारलं: यावरचं सगळं कायमचं जाईल, चालेल का?

"दाब, आई. माझी मीटिंग सुरू होतेय."

बाण 'चालेल'वर थांबला होता. बोट बटणावर होतं. पण तीस-चाळीस वह्या रोज तपासलेल्या डोळ्यांना काहीतरी खुपत होतं. वहीत एक आणि दोन होते. पडद्यावर दोन कुठेच नव्हता.

तिथे शून्य आणि एक होते.

बाईंनी हात उचलून मांडीवर ठेवला. वर्गात त्या रिकामी ताटली दाखवून विचारायच्या, "यात खडू किती?" पोरं ओरडायची, "नाहीच!" बाई म्हणायच्या, "नाहीच नाही, शून्य म्हणायचं." एका वर्षी दोन वेण्यांची एक पोरगी हटूनच बसली होती, की मग मोजताना पहिलं शून्य म्हणा, एक नंतर. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तर घड्याळवाले भिंगातून नजर न काढताच म्हणाले होते, "तबकडीवर शून्य नसतं."

यंत्र त्या पोरीसारखं मोजत होतं. घड्याळवाल्यांनी घड्याळासारखं मोजून लिहिलं होतं. मग वहीतली दोन म्हणजे इथली एक. निदान तसं असावं.

"आई? दाबलंस का?"

"नाही. तू जा मीटिंगला. मी बघते माझं."

"अगं, पण..."

"जा म्हटलं ना! उशीर झाला की ओरडा खाशील."

फोन बंद झाल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. बाईंनी पडद्यावर 'नको' दाबलं, संगणक बंद केला, भिंतीतून वायर काढली. 'असावं'वर त्यांना काही पुसायचं नव्हतं. घड्याळवाल्यांच्या पेटीतला छोटा पेचकस घेऊन त्यांनी संगणकाच्या डब्याची बाजू उघडली.

आत धूळ होती आणि दोन डिस्क. छोटीला काहीच बांधलेलं नव्हतं. मोठीला पांढऱ्या दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते बांधायचे, तशीच छापील चिठ्ठी. गिऱ्हाईक: बाई. काम: आवाज जपणे. वायदा: आणि पुढे कोरी रेघ.

बाई ती कोरी रेघ बराच वेळ बघत बसल्या. गिऱ्हाइकाला तारीख दिल्याशिवाय घड्याळवाल्यांनी कधी कुणाचं घड्याळ ठेवून घेतलं नव्हतं.

मग त्यांनी मोठ्या डिस्कच्या दोन्ही वायरी अलगद काढल्या आणि पुन्हा सगळं सुरू केलं. या खेपेला यादीत एकच डिस्क होती, डिस्क शून्य. बाईंनी ती न घाबरता पुसली. नवी सिस्टीम बसायला पाऊण तास लागला. तेवढ्यात त्यांनी चहा केला, वहीतल्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारली आणि लिहिलं, 'मोजणी शून्यापासून. आधी दुसरीच्या वायरी काढाव्यात.' सवयीने खाली सहीसुद्धा केली.

वायरी परत जोडल्यावर मोठी डिस्क जशीच्या तशी दिसली. एकतीस फोल्डर. त्या नुसतं मोजून बंद करणार होत्या. पण आज दाबलं असतं तर काय झालं असतं, हे बोटाला अजून आठवत होतं. त्याच बोटाने त्यांनी पहिली फाइल उघडली.

आधी खरखर. मग अगदी जवळून, "हं, बोला."

कुणातरी पोराने श्वास घेतला. बाईंनी तिथेच थांबवलं. पुन्हा सुरुवातीला नेलं.

"हं, बोला."

थांबवलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाई खुर्चीतून उठल्या, पोरं उभी राहायची तशा हात मागे बांधून संगणकासमोर उभ्या राहिल्या आणि घसा खाकरला.

"शून्य," त्या म्हणाल्या. "एक. दोन. तीन..."

वीसपर्यंत त्या कुठेही चुकल्या नाहीत.