दहा म्हणजे दहाच

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमध्ये लग्नाचा पुलाव म्हटला की तुर्सुनबोयचंच नाव निघायचं. शंभर किलो तांदळाच्या कढईत तीस वर्षं झारा फिरवलेला हा गडी यंदाच्या हिवाळ्यात डोक्यावरची टोपीसुद्धा डाव्या हाताने घालू लागला. उजवा खांदा एका दिवसात गेला नव्हता, चोरपावलांनी गेला होता. बायकोने, माव्लुदाने, मेंढीच्या शेपटीची चरबी बांधून पाहिली. खांदा होता तसाच राहिला, गल्लीतली मांजरं तेवढी मागे लागली.

वसंतात धाकट्या लेकीचं, दिलोरोमचं लग्न होतं. तिचा पुलाव परक्या हाताने शिजला तर तोंड कुठे लपवायचं? पलीकडचा आचारी हमदम तर हल्ली खांद्याची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करत होता.

शेवटी तुर्सुनबोय दवाखान्यात गेला. व्यायामोपचार करणारी गुलचेहरा लेकीच्या वयाची. तिने हात चहूबाजूंनी फिरवून पाहिला आणि सांगितलं, काही तुटलेलं नाही, थकलंय. ओणवं होऊन हात लंबकासारखा झुलवायचा, मग बोटांनी भिंत चढायची. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा.

आता मर्गिलानमध्ये पहिला आकडा कोणी खरा मानत नाही. यजमान ‘दोन घास घ्या’ म्हणतो तेव्हा ताट रिकामं करायचं असतं. दहा हा पोरीचा विनय, असं समजून तुर्सुनबोयने चाळीस केले. आठवड्याने हात छातीच्या वर जाईना.

गुलचेहराने आकडा ऐकला, पण ती रागावली नाही.

“अका,” थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारून तिने विचारलं, “तांदूळ टाकल्यावर कढई किती वेळा ढवळता?”

“एकदाही नाही,” तुर्सुनबोय दुखावला. “ढवळला की लगदा होतो. झाकायचं आणि गप बसायचं.”

“आणि मध्येच कोणी झाकण उघडलं तर?”

“हाकलून देतो त्याला.”

“मग माझ्या दहांनंतर झाकण. आज मी तुम्हाला हाकलत नाही, एवढंच.”

त्या दिवसापासून माव्लुदा शेजारी उभी राहून मोजू लागली. “दिलोरोमचे बाबा, अकरावा केलात तर चहा बंद,” ही तिची समज. भिंतीवर बोटं पोचतील तिथे ती पेन्सिलीने रेघ मारायची. रेघा मुंगीच्या चालीने वर सरकल्या. महिन्याने हातात ताणायची रबरी पट्टी आली, आणि जर्दाळू फुलले तेव्हा टोपी उजव्या हाताने डोक्यावर गेली. गुलचेहराने कढईला परवानगी दिली, पण मांस परतायला जोडीदार घ्यायचा, या अटीवर. तुर्सुनबोयने ती मुकाट्याने मानली. घरचे चाट पडले.

लग्नाच्या सकाळी पुलाव त्यानेच रांधला. हमदमने दोन ताटल्या संपवल्या आणि खोड काढायला काहीच सापडेना, तेव्हा हवेला नावं ठेवली.

दुपारी पाहुणे तुर्सुनबोयला शोधू लागले. माव्लुदा आतल्या खोलीत डोकावली. दुखण्यापायी चार महिने उताणा, छताकडे बघत झोपलेला माणूस उजव्या कुशीवर, खांदा दाबून, घोरत पडला होता. तिने दार हलकेच ओढून घेतलं आणि पाहुण्यांना सांगितलं, ते महत्त्वाच्या कामात आहेत.