उजव्या हाताची रेघ

शिंपीणबाईंच्या तोंडाला विसावा नव्हता. मी त्यांच्या डोक्याला, हातापायांना तारा लावेपर्यंत त्यांनी जावयाचा स्वभाव, शेजारणीचा झगा आणि माझं वजन, सगळ्यांचा समाचार घेतला. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. मांडीतून बारीक नळी वर नेऊन तो बुजवायचा होता.

"पोरी, उजवा हात तेवढा सांभाळ," त्या म्हणाल्या. "माझं पोट त्याच्यावर आहे."

मी हो म्हटलं. भूल चढली, तोंड मिटलं आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

माझं काम म्हणजे डोक्याला विजेचा हलका झटका द्यायचा आणि हातापायांचं उत्तर पडद्यावर बघायचं. रेघ उठतेय तोवर काळजी नाही.

मोठे डॉक्टर फुग्यात तारेची वेटोळी भरत होते, तेवढ्यात उजव्या हाताची रेघ आडवी झाली. मी सांगितलं, तर म्हणाले, तुझी तार निसटली असेल. मागच्या खेपेला निसटली होती खरी; तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'लांडगा आला रे आला' करणारी. मी तार चाचपली, पक्की होती. डावा हात, दोन्ही पाय व्यवस्थित उत्तर देत होते, म्हणजे भुलीचाही दोष नव्हता.

"माझी तार ठीक आहे. वेटोळ्यानं रक्त अडतंय, ते मागे घ्या," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

त्यांनी घेतलं. बराच वेळ काही नाही. मग रेघ जराशी हलली आणि हळूहळू पूर्वीसारखी उठू लागली. वेटोळं नीट बसवून फुगा बुजवला. डॉक्टरांनी चूक कबूल केली नाही, पण चहा माझ्यासाठीही मागवला.

बाई शुद्धीवर आल्या. सांगताच उजवा हात उचलला, बोटं मिटली, उघडली. खाटेशी उभी असलेली त्यांची लेक रडत रडत हसली.

"आई, बोल ना काहीतरी. इतका वेळ गप्प कशी तू?"

बाईंनी तोंड उघडलं. "त... त..." पुढे काही येईना. त्यांचे डोळे विस्फारले. डॉक्टर धावले, पुन्हा तपासणीला न्यायची घाई सुरू झाली. झोपलेल्या माणसाचं बोलणं माझ्या पडद्यावर दिसतच नाही. आम्ही सगळे हाताकडे बघत बसलो होतो.

खाट हलली तशी बाईंनी माझं मनगट धरलं. उजव्या हातानं. सोडवता सुटेना.