हजेरीचा कागद

"सर, आधी सही करा, मग बसा," म्हणत ज्योतीरामने हजेरीचा कागद पुढे सरकवला.

ज्योतीराम शिक्षण खात्याच्या कचेरीतला कारकून. चिंचवडच्या त्या हॉलमध्ये वर्षाकाठी दहा बैठका व्हायच्या आणि प्रत्येकीची सुरुवात अशीच, सही, चहा आणि मग भाषण. धम्मरत्न सरांनी उभ्या उभ्या सही ठोकली, तीही पहिल्याच नंबरला. एकवीस वर्षं सरकारी शाळेत काढलेला माणूस हजेरीचा कागद कधी वाचतो का? वाचायचं काय त्यात?

शिवाय त्यांचं सगळं चित्त भाषणात होतं. शाळांनी कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं याचा निकाल आज लागणार होता. एक होतं कंपनीचं, टॅबसकट येणारं, ज्याच्या आत शिक्षकाला बोट घालता येत नाही. दुसरं खुलं, फुकटचं, कुणीही बदलावं आणि वाटावं असं. तळवड्याकडच्या आपल्या शाळेत सर नऊ वर्षं हेच दुसरं चालवत होते. कारखान्यांनी टाकून दिलेले चौदा संगणक त्यांनी स्वतः उघडून, धूळ झाडून उभे केले होते. त्यांवर शिक्षकांनीच बनवलेले तीनशे धडे होते. आज खुलं सॉफ्टवेअर हरलं तर हे सगळंच जाणार होतं.

सर बोलले, आणि झकास बोलले.

"माझे वडील भोसरीत लेथवर होते. ज्या मशीनचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ते नको म्हणायचे. आमच्या विजयश्रीबाईंनी अपूर्णांकांचा धडा केला. आधी त्यात केक कापला होता. आमच्या पोरांच्या घरी केक कुठला रोजचा? बाईंनी एका दुपारीत केक काढून भाकरी घातली. कंपनीच्या धड्यात पिझ्झा आहे. तो काढायला आपण कुणाच्या पाया पडायचं?"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. कंपनीचा सुजितही टाळ्या वाजवत होता. "एक नंबर बोललात सर," तो हात मिळवत म्हणाला. तिथंच सरांना शंका यायला हवी होती. पण टाळ्यांनी माणूस आंधळा होतो.

"सर, जिंकलो आपण," बाहेर आल्यावर विजयश्रीबाई म्हणाल्या.

महिन्याने बैठकीचा अहवाल शाळेत आला. 'उपस्थित सर्व शिक्षकांनी कंपनीच्या प्रणालीस एकमताने पसंती दिली. सह्यांचे पत्रक सोबत जोडले आहे.' पत्रकावर बेचाळीस सह्या, आणि पहिली धम्मरत्न सरांची.

सर अर्धी रजा टाकून थेट चिंचवडला गेले.

"ही हजेरीची सही आहे, ज्योतीराम."

"वरती वाचा की सर."

वरती ठळक अक्षरांत छापलं होतं, 'उपस्थित व सहमत'.

"साहेब म्हणाले, दोन कागद कशाला, एकातच उरकू. तीन वर्षं झाली सर, प्रत्येक बैठकीला हाच कागद असतो." ज्योतीरामच्या आवाजात जराही कुचेष्टा नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही पहिलेच, वाचणारे."

म्हणजे तीन वर्षं आपण कशाकशाला सहमत होत आलो, देव जाणे. पोरांच्या वहीतला काना-मात्रा न सोडणारा मास्तर, आणि स्वतःच्या सहीच्या वर बघितलं नाही. सरांना स्वतःची अशी चीड आली की ज्योतीरामने पुढे केलेला चहाही त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला आणि सहीसाठी सगळ्यात आधी विजयश्रीबाईंकडे गेले. बाईंनी अर्ज वाचला. अगदी शेवटपर्यंत वाचला.

"राग मानू नका सर. माझी बदली तोंडावर आलीय. आणि खरं सांगू का, तो टॅब बरा पडेल हो. आयता धडा येईल. मी पण थकले आता."

"आणि तुमची भाकरी?"

"राहू दे ती," बाई म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या. अर्जावर शेवटी एकच सही राहिली. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

दिवाळीनंतर टॅब आले, आणि पाठोपाठ कुदळवाडीच्या भंगारवाल्याचा टेम्पो. बरोबर ज्योतीराम. त्या सकाळीही पाचवीची पोरं त्या संगणकांवर भाकरीचे तुकडे मोजत होती. धडे सरांनी पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते, पण टॅबमध्ये बाहेरचं काहीच उघडत नव्हतं.

चौदा संगणक टेम्पोत चढले. ज्योतीरामने कागद पुढे केला. "सही करा सर, टेम्पो खोळंबलाय."

"थांब. वाचू दे."

सर तिथंच, उन्हात, पहिल्या ओळीपासून वाचत गेले. शेवटी लिहिलं होतं, 'वरील सर्व संगणक निकामी असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. 'निकामी' शब्दावर वहीत मारतात तशी आडवी रेघ मारली, वर 'चालू' असं लिहिलं, आणि खाली स्वच्छ अक्षरांत सही केली.

ज्योतीरामने फक्त सही आहे ना, तेवढं पाहिलं. कागदाची घडी करून फाइलमध्ये सारली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल, झालं."