शरयूला न केलेला फोन

प्रणालीनं नेपियर टाऊनमधल्या एका कॅफेत चार जागा सांगून ठेवल्या होत्या. रविवारी दुपारी तीन ते पाच, चित्र काढायचं आणि सोबत मॉकटेल प्यायचं, असा तो क्लास. शरयूला कळवायचं काम तिनं विनतावर सोपवलं, कारण प्रणाली, पूर्णिमा, विनता आणि शरयू या चौघी मैत्रिणींमध्ये शरयूच्या सर्वांत जवळची तीच.

विनतानं फोन केला नाही.

शरयूचे यजमान श्यामसुंदर जाऊन आठ महिने झाले होते. विनता दर आठवड्याला अधारतालला तिच्याकडे जायची. दर वेळी शरयू त्या सकाळची हकिकत सांगायची. त्यांनी चहा मागितला, ती आलं किसत होती, कप घेऊन आली तर मान एका बाजूला कललेली. विनताला ते पाठ झालं होतं, शरयू कुठे थांबून डोळे पुसणार तेसुद्धा. एक रविवार तरी हे नको, असं तिला वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली. शनिवारी प्रणालीनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "विचारलं ग. नाही म्हणते. अजून मन नाही तिचं."

क्लासमध्ये शिकवणाऱ्या मुलीनं चार कॅनव्हास मांडून ठेवले होते. भेडाघाटचे पांढरे खडक आणि मधून नर्मदा, एवढंच काढायचं होतं. प्रणालीचे खडक दाढांसारखे दिसायला लागले. पूर्णिमानं पाण्याऐवजी पेरूच्या रसात ब्रश बुडवला आणि वर तो रस प्यायलीही. विनता पोट धरून हसली. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसत होती. मग तिची नजर शेजारच्या कोऱ्या कॅनव्हासकडे गेली.

"थांब, शरयूला दाखवते. तिलापण हसू दे थोडं," म्हणत प्रणालीनं फोन काढला.

"राहू दे, झोपली असेल," विनता घाईनं म्हणाली. पण व्हिडिओ कॉल लागलासुद्धा.

पडद्यावर शरयू दिसली. केस मोकळे, चष्मा कपाळावर. "कुठे आहात तुम्ही?"

"क्लासमध्ये. विनतानं सांगितलं होतं ना तुला? काहून नाही आलीस?"

शरयूनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. विनता मान खाली घालून निळा रंग कालवत राहिली.

"हो, सांगितलं होतं तिनं," शरयू म्हणाली. "माझंच जमलं नाही. गुडघा दुखून राहिला. दाखवा बरं, काय काढलं ते."

तिनं तिघींची चित्रं पाहिली. विनताच्या चित्रापाशी म्हणाली, "चांगलं आहे. पाण्यात खडकांची सावली पाहिजे होती." आणि फोन ठेवला.

"बरी वाटली ना आज?" पूर्णिमा म्हणाली. विनताला पुढे एक रेघ ओढवली नाही.

क्लास संपल्यावर दोघी म्हणाल्या, चलो, चाट खाऊ. विनतानं डोकं दुखण्याचं निमित्त केलं आणि स्कूटर थेट अधारतालला नेली.

शरयूनं दार उघडलं. विनता उंबऱ्यातच म्हणाली, "मी तुला फोन केला नव्हता."

"मला नाही कळणार का? आत ये."

"मग त्यांच्यासमोर खोटं काहून बोललीस?"

"तुझी खाली गेलेली मान दिसून राहिली होती फोनमध्ये."

"शरयू, मला एक दिवस..."

"नको सांगू, मला समजते. मीपण थकले माझ्या रडण्यानं." शरयू खुर्चीत बसली. "पण आता कोणी विचारतच नाही ग. हळदीकुंकवाला नाही, कुठे जायचं तर नाही. सगळे ठरवून टाकतात, तिचं मन नसेल. मी नाहीच म्हटलं असतं कदाचित. पण ते मला म्हणू तर द्यायचं."

विनता "माफ कर" म्हणाली. शरयू "असू दे" म्हणेल, याची तिनं वाट पाहिली. शरयू तसं म्हणाली नाही. उठून तिनं दिवा लावला आणि विनताला पाणी आणून दिलं.

खाली उतरल्यावर जिन्यापाशी उभं राहून विनतानं प्रणालीला फोन केला आणि सगळं सांगितलं. आपलं खोटं शरयूनं निभवावं, हे तिला सहन होईना. प्रणाली नुसतं "अच्छा" म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस ती विनताशी बोलली नाही.

विनता अजून दर आठवड्याला अधारतालला जाते. शरयू चहा करते, समोर बसते. पण आता काही सांगायच्या आधी ती विचारते, "वेळ आहे ना तुला?"

विनता दर वेळी "आहे" म्हणते. आणि दर वेळी तिला वाटतं, हे विचारायची पाळी आपण हिच्यावर आणली.