टाकाऊ फळीवरचा रियाज

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. सागाचे अंग, पोटात पोलादी पाते आणि पाठीवर माझ्या मालकाच्या, सुतार मिस्त्रीच्या तळव्याने पाडलेला खळगा. त्याच्या वडिलांनी मला घडवले. आम्ही किती दारे, किती पाळणे गुळगुळीत केले! लोक हात फिरवून वाहवा करत. नाव मिस्त्रीचे होई, पण छाती माझीही फुगे.

मग मिस्त्रीचा उजवा हात मोडला. मी फडताळात गंजत पडलो. प्लास्टर निघाले, तसे त्याने मला उचलले आणि थेट गिऱ्हाइकाच्या टेबलाची फळी धरली. हात डळमळला, माझे पाते रुतले, फळीवर खोल ओरखडा उठला.

"संपलं. आता दुकान बंद करतो," तो म्हणाला.

त्याची लेक व्हायोलिन वाजवते. ती दारातच उभी होती. "बाबा, आधी टाकाऊ फळीवर हात बसवा ना! मी कधी उठून थेट स्टेजवर जाते का?"

"सुतार रियाज करत नसतो, बाई. सुतार काम करतो. तुझा चुकलेला सूर हवेत विरतो. माझी चूक लोकांच्या घरात जाऊन बसते."

"विरतो कुठला! बोटांत घर करतो. म्हणून तर तेवढीच जागा हळू, पुन्हा पुन्हा वाजवायची."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मला धार लावली, तेल दिले. मग आम्ही रोज टाकाऊ लाकडावर चालू लागलो, काहीही न बनवता. जमिनीवर नुसता लाकडाचा कीस साठे.

शेजारचा कुलपवाला डोकावे. "काय मिस्त्री, कीस विकायला काढलात?"

मिस्त्रीचे कान लाल होत, पण तो थांबत नसे. लेक पाठमोरी बसून नुसत्या आवाजावरून सांगे, "इथे घाई झाली."

"घाई नाही, गाठ आली. गाठीशी भांडायचं नसतं, उलट बाजूने जायचं."

ते ऐकून तीही आपली अवघड ओळ शेवटाकडून वाजवू लागली.

करंगळी अजून थरथरते. तरी परवा टेबलाच्या नव्या फळीवर माझ्या तोंडातून लांब, सलग कीस निघाला. गिऱ्हाईक टेबल घेऊन गेले. मला वाटले, आता विसावा. पण मिस्त्रीने मला पुन्हा उचलले.

"बाबा, झालं की टेबल!"

"टेबल झालं. हात व्हायचाय अजून."

मित्रांनो, घरातली हत्यारे गंजू देऊ नका. आणि कोणी जाणते माणूस पहिल्यापासून शिकताना दिसले, तर हसू नका. जमल्यास शेजारी बसून ऐका.